माठाला कान लावण्याची जागा

माझ्या लाडक्या आईला,

येरेवानहून तुझ्या वार्सेनिकचे दोन्ही गालांवर मुके.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तू भाजून दिलेला लवाश अजून पुरतोय. पाणी शिंपडलं की मऊ होतो. तुझा गुडघा कसा आहे? गोठ्यात गारठ्यात बसू नकोस.

लोणी काढताना माठ हलवत तू म्हणतेस, त्या गाण्यावर मी पियानोची छोटीशी रचना केली. ती रेडिओसाठी समितीत मंजूर झाली. आनंदाचीच बातमी, पण मला शिसारी आलीये.

गाता गाता तू मधेच थांबतेस ना, लोणी आलं का ते माठाला कान लावून ऐकायला? ती शांतता मी तशीच ठेवली होती. आमचे मेल्कुम्यान सर म्हणाले, "पोरी, इथे हात का थांबवलास? लोकांना वाटेल, बाई पुढचं विसरली!" आणि तिथे त्यांनी गुळगुळीत, गोग्गोड सूर कोंबले. जन्मात कधी माठ हलवला नाही मेल्याने! समितीतले सगळे माना डोलवत होते. म्हणे, "वा, अस्सल आपल्या मातीचं!"

त्यांची किळस येतेच, पण माझी जास्त येते. कारण मीही मान डोलावली.

रविवारी दुपारी रेडिओवर लागेल. तू शेजारणींना गोळा करशीलच. फक्त एक कर. ती जागा आली की क्षणभर रेडिओ बंद कर. मी तिथे तेवढंच लिहिलं होतं.

तुझं दुखणं मला येवो.

तुझीच,
वार्सेनिक