लेकीच्या खोलीतला वसंत

१२ नोव्हेंबर
लेक होस्टेलला गेल्यापासून घर खायला उठतं. आज सशांची जोडी आणली. बायकोने विचारलं, पिल्लं झाली तर? पुस्तक दाखवलं. ससे वसंतात आणि उन्हाळ्यात वितात, हिवाळ्यात सहसा नाही. ती म्हणाली, हे पुस्तक रानटी सशांचं आहे. फालतू शंका. ससा तो ससा.

१७ नोव्हेंबर
बाल्कनीत गारठा. ससे लेकीच्या खोलीत हलवले. हीटर चालू, रात्री उशिरापर्यंत ट्यूबलाइट. अगदी तात्पुरतं. लेक जानेवारीत सुट्टीला येतेय. त्याआधी खोली चकाचक करणार.

२१ डिसेंबर
मादी पोटावरचे केस उपटून कोपऱ्यात रचतेय. थंडी वाजत असणार. हीटर वाढवला.

२२ डिसेंबर
सात पिल्लं. बायकोने ते पुस्तक आणून माझ्या हातात ठेवलं. बोलली असती तर बरं झालं असतं. पुस्तकात अपवाद छापत नाहीत, एवढंच.

२३ डिसेंबर
नराची बाथरूममध्ये रवानगी. विषय कायमचा संपला. खोली रविवारी आवरतो.

२२ जानेवारी
आणखी सहा. नर महिनाभर बाथरूममध्ये कोंडलेला! प्राण्यांच्या डॉक्टरांना जाब विचारला. म्हणाले, मादी व्याली की त्याच दिवशी पुन्हा तयार असते, तुम्ही दुसऱ्या दिवशी जागे झालात. पाळीव सशांना ऋतूचं फारसं सोयरसुतक नसतं, आणि जे होतं ते तुमच्या हीटरने आणि ट्यूबलाइटने संपवलं. त्यांच्या दृष्टीने त्या खोलीत वसंतच आहे. डॉक्टर तरुण आहेत. वाचन कमी असावं.
कंबर धरलीय. खोली आवरणं पुढे ढकललं.

२८ जानेवारी
लेक आली. दारातच थबकली. गादी कुरतडलेली, कपाटाखाली लेंड्या, टेबलावर गवताच्या पेंढ्या. एक पिल्लू उचलून गोंजारलं, मग हळूच विचारलं, बाबा, मी झोपू कुठे? हॉलमध्ये छान सोय करतो म्हणालो. तिने बॅग उघडलीच नाही.

२९ जानेवारी
लेक मावशीकडे राहायला गेली. सुट्टी तिथेच काढणार. पोरगी समजूतदार, चिडली नाही. चिडायला हवी होती.
संध्याकाळी बायकोनेही चार कपडे भरले. म्हणाली, लेकीजवळ राहते, इथे सशांना कुणीतरी हवंच ना. मुद्दा बरोबर होता. मी रिक्षापर्यंत बॅग नेऊन दिली. मला चल म्हणेल असं वाटत होतं, म्हणून बाहेर जायचे कपडे घालूनच गेलो होतो.