चौथ्या मजल्यावरची नुकसानभरपाई

४ ऑगस्ट, सोमवार. अन्यायाची वेळ सकाळी ११ वाजून १० मिनिटं.
वेळ आधी लिहून ठेवते, कोर्टात लागेल. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निघाले होते. लिफ्ट तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये माझ्यासकट बंद पडली. दिवाही गेला. चाळीस मिनिटं. अंधारात चष्मा पडला आणि माझ्याच पायाखाली आला.
वॉचमन इंटरकॉमवर विचारत होता, काकू, भीती वाटतेय का. सांगितलं, मुळीच नाही, आणि आधी तोंडातला घास गिळ, मग बोल. तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये सुपरवायझर होते. आवाज कापू द्यायचा नसतो.
बाहेर आल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, झालं गेलं विसरून जा काकू. विसरणार नाही. नुकसानभरपाई मागणार, आणि आकडा असा की कमिटीला घाम फुटावा.

६ ऑगस्ट
नोटीस स्वतः लिहून दिली. 'मानसिक त्रास' ठळक अक्षरांत.
दोन दिवस जिन्यानेच जातेय. व्यायाम. लिफ्ट त्याच संध्याकाळी दुरुस्त झाली असं बोर्डावर लिहिलंय. लिहिणाऱ्याचं काय जातं.
हल्ली बाथरूमचं दार उघडं ठेवते. हवा खेळती राहते.

७ ऑगस्ट
भाची आली. वकील आहे, पण स्वभावाने बरी. मी नुकसानीची यादी पुढे केली. चष्मा. डॉक्टरांची बुडालेली फी. शिवाय त्याच सकाळी धुण्याभांड्याच्या बाईला भेटायचं होतं, ती तिसऱ्या मजल्यावरचीने पटकावली, म्हणून भांडी मी घासते, म्हणून कंबर गेली, म्हणून आयुष्यातली निदान पाच वर्षं कमी झाली.
भाची म्हणाली, आत्या, चष्मा आणि फी चालेल, पावत्या आहेत. पण चुकीपासून इतकं लांब गेलेलं नुकसान कोर्ट धरत नाही. लिफ्टपासून कंबरेपर्यंत तू फार वळणं घेतलीस. भरपाई म्हणजे समोरच्याला शिक्षा नव्हे. लिफ्ट बंद पडली नसती तर तू जशी असतीस, तशी तुला पैशाने करून द्यायची, इतकंच.
म्हटलं, मी आहे तशीच आहे. ती म्हणाली, मग मागतेस काय?
लहानपणी हिला मीच बोलायला शिकवलं.

९ ऑगस्ट
गुडघा भोपळ्याएवढा. फिजिओथेरपीचं बिल यादीत घातलं. भाचीचा फोन: चालणार नाही. ज्याचं नुकसान झालंय त्यानेही ते वाढू नये म्हणून जपायचं असतं. लिफ्ट चालू असताना तू जिने चढलीस, म्हणजे गुडघा तू ओढवून घेतलास, असं ते म्हणतील. उपाय एकच. त्या दिवसापासून लिफ्टमध्ये पाय ठेवायची भीती वाटते, असं लिहून दे. गुडघाही त्यात बसेल, मानसिक त्रासही. फक्त मानसोपचारतज्ज्ञाचं सर्टिफिकेट आण.
भीती? माझं लिफ्टशी पटत नाही, इतकंच. सोमवारी लिफ्टने खाली जाणार आणि हा विषय संपवणार.

११ ऑगस्ट, सोमवार
गेले. दार उघडलं. आतल्या आरशात एक म्हातारी उभी होती. तिचा चेहरा मला आवडला नाही. अशा बाईबरोबर चार मजले कोण जाणार. जिन्याने निघाले. दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसावं लागलं. तिसऱ्या मजल्यावरची वरून विचारते, काकू, कोणाची वाट बघताय? म्हटलं, तुमच्याकडच्या माझ्या बाईची.

१३ ऑगस्ट
चिरंजीवांचा फोन. भाचीने सांगितलं असणार. घरात वकील असला की वेगळा भोंगा लागत नाही.
म्हणाला, आई, लिफ्टची भीती वाटते असं कोर्टात लिहून देणार असशील, तर चौथ्या मजल्यावर एकटी राहणार कशी? आमचा तळमजला आहे. तुझा फ्लॅट विकून टाकू. मागून सूनबाई म्हणाली, आईंची खोली रंगवूनसुद्धा झालीय, पिस्ता कलर. कोणाला विचारून?
रविवारी, २४ तारखेला येतोय. म्हणाला, मी गाडीत थांबतो, तू खाली ये, बघू दे कशी येतेस ते.
म्हणजे हिशोब असा. दावा जिंकायचा तर मी मोडले हे सिद्ध करायचं. ते सिद्ध झालं की घर गेलं. घर राखायचं तर मी ठणठणीत, आणि ठणठणीत माणसाला भरपाई कसली. कायदा करणाऱ्यांना आई नसावी.

१८ ऑगस्ट
कमिटीचं उत्तर आलं. 'सदर बाई संपूर्ण वेळ शांत होत्या. वॉचमनला जेवणाच्या रीतीबद्दल सूचनाही दिल्या. सबब मानसिक त्रासाचा प्रश्न उद्भवत नाही.' चष्म्याचे पैसे देतो म्हणतात.
पाच दिवस खाली उतरले नाही. गुडघ्याला विश्रांती. दूध-भाजी फोनवर मागवते. लिफ्टचा आवाज आला की हातातला कप खाली ठेवते. सांडलं तर पुसणार मीच.

२० ऑगस्ट, बुधवार
आज जिन्याच्या सहा पायऱ्या उतरले आणि गुडघ्याने नकार दिला. परत वर यायला कठडा दोन्ही हातांनी धरला. रविवार चार दिवसांवर.
भाचीला न दाखवता लिहिलेल्या पत्राची नक्कल:

सेक्रेटरी यांस,
मी माझा दावा मागे घेत आहे. चष्म्याचे पैसेही नकोत. त्याऐवजी कमिटीतल्या कोणीही एकाने शनिवारी सकाळी माझ्याबरोबर लिफ्टमध्ये उभं राहावं. चौथ्या मजल्यावरून खाली आणि परत वर. जमल्यास दोनदा. बोलायची गरज नाही. मी दंड धरला तर कृपया काही विचारू नये. माझ्या मुलाला हे कळता कामा नये.
कोण येणार ते शुक्रवार, २२ ऑगस्ट, दुपारी १२ च्या आत लेखी कळवावे. उत्तर दाराखालून सरकवलं तरी चालेल. मी घरीच असते.