कालव्यातला हौद

४ जुलै १९२१
शिकवायला विथी गावी पोचले. शाळा लहान, मुलं एकोणीस, आणि राहायला कालव्याच्या राखणदाराचं घर! रेल्वे आल्यावर कालवा बंद पडला. साठ वर्षांत थेंब नाही. पात्रात गवत माजलंय, त्यात पार्डो नावाच्या शेतकऱ्याची गुरं चरतात. दारासमोरच बोटी खालीवर करायचा दगडी हौद, दोन पुरुष खोल, टोकाला जुनाट लाकडी दारं. दुकानवाल्या ट्रँटरबाई बेदाण्यांचा केक घेऊन आल्या. म्हणाल्या, असल्या काटकुळीला वारा उडवून नेईल, खा जरा.

११ जुलै
पाऊस नाहीच. विहिरी आटल्या, पार्डोच्या दोन गाई मेल्या. काल चर्चमध्ये जो तो विचारत होता, मागे कोण आहे तुमच्या? म्हटलं, कोणी नाही. भाऊ लढाईत गेला, आई ईस्टरला. ट्रँटरबाईंनी माझा हात दाबला आणि पार्डोकडे पाहिलं. किती मायेची माणसं.

१८ जुलै
भर दुपारी काठावरून घोड्याच्या टापा ऐकल्या. जड, काहीतरी ओढत असल्यासारख्या. बाहेर आले तर कोणी नाही. हौदावरच्या पुलाच्या दगडावर, पूर्वी बोटी ओढणाऱ्या घोड्यांचे दोर घासून पडलेल्या जुन्या खाचा आहेत, त्या मात्र ओल्या होत्या. पार्डो हसला, म्हणाला, ऊन लागलंय तुम्हाला, बाई. पण संध्याकाळी त्याने पात्रातली गुरं हलवली.

२१ जुलै
पुन्हा टापा. हौदापाशी येऊन थांबतात. वर्गात छोट्या डॉर्कसने विचारलं, तुमच्यानंतर नव्या बाई कधी येणार? बाकीची मुलं खाली बघत राहिली.

२३ जुलै, सकाळ
हौदात नेचे अजून हिरवे आहेत, मुलांना दाखवायला चित्र काढा, असं पार्डोच म्हणाला. शिडीही त्यानेच धरली. मी उतरले आणि त्याने शिडी वर ओढून घेतली. थट्टा वाटली. हाक मारली, तर त्याने डोक्यावरची टोपी काढली.

अकरा वाजता
पुलावर सगळं गाव. रविवारचे कपडे. मुलं पुढे. विचारलं, मी काय केलं तुमचं? ट्रँटरबाई अगदी प्रेमाने म्हणाल्या, "तुम्ही काही नाही केलं, बाई. विहिरी आटल्यात."

थोड्या वेळाने
पुन्हा टापा आल्या, हौदापाशी थांबल्या. दारांखालून पाणी येतंय. पलीकडे तर सगळं कोरडं — असू दे. मला पोहता येतं. हौद भरला की पाणीच मला वर नेईल, थेट त्यांच्या पायांशी. मूर्ख आहेत. मग एकेकाकडे बघते.

गुडघ्याइतकं.
भिंतीवर नखांचे ओरखडे आहेत. पुष्कळ. सगळे छातीच्या उंचीवर. वर एकही —

कमरेइतकं. एक पाय उचलेना. चिखल नाही हा, बोटं आहेत —
मुलं गाताहेत. मी शिकवलेलंच —
कोणीतरी बादली सोडली, भरून घेतली —
वही वर धरलीय — दुसराही पा