मॉरिस कोणाकडे जावी याबद्दल

मी, चंदनबाला मदन मगदूम, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार गावभाग, सांगली. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, की गोड बोलून लिहायला बसवलेले नाही. घाई मात्र आहे. कोयनेतून पाणी सोडले आहे, कृष्णा चढते आहे, आणि दोन ओळी झाल्या की मी उठून दारातून रस्ता बघून येते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले आणि हेच शेवटचे धरावे.

कलम १. माझ्या एकटीच्या नावे असलेले राहते घर मुलगा धवल व मुलगी दीपाली यांना निम्मे निम्मे. विकायचे तर खुशाल विका. पुराचे पाणी प्यालेल्या भिंतींत जीव गुंतवू नका.

कलम २. ठेवी आणि माझ्या पाटल्या दीपालीला.

कलम ३. मॉरिस मायनर गाडी. वकीलसाहेब म्हणतात, एका ओळीत उरका. ते जमणार नाही.

ही गाडी माझ्या यजमानांनी तरुणपणी घेतली आणि कधी गॅरेजवाल्याच्या हातात दिली नाही. २०१९ च्या महापुरात ती टपापर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर आत नुसता गाळ. तेव्हा यजमानांचे हात कंपवाताने थरथरत होते. धवलने बेंगळुरूहून येऊन भंगारवाल्याचा ट्रक बोलावला. म्हणाला, "आई, बाबांना चमचा धरवत नाही. हे कोण दुरुस्त करणार?" यजमान चिखलातून जाऊन स्टिअरिंगपाशी बसले आणि ट्रकवाल्याला म्हणाले, "मला उचलून न्यायचं आसंल तर गाडी न्या." ट्रक रिकामा परतला. धवलही गेला. पुढे बापलेकांत बोलणे उरले ते तब्येत विचारण्यापुरते. धवल, त्या वेळी मी तुझी बाजू घेतली नाही, याचे मला आजही वाईट वाटत नाही.

इंजिन मी खोलले. ते शेजारी स्टुलावर बसून सांगायचे. अडकलेले व्हॉल्व्ह सुटे केले, घासले, बसवले. शेवटी टॅपेट सेट करायचे, म्हणजे व्हॉल्व्हवरची ती बारीक फट जुळवायची. मापाची पातळ पत्ती फटीत घालायची, स्क्रू फिरवायचा, पत्ती अडखळत सरकली की नट आवळायचा. इंजिन सुरू झाल्यावर ते लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक झाकणावर टेकवून मूठ कानाला लावत. "अगं, दुसरा लय सैल हाय. बंद कर, परत बघ." त्यांचा कान आणि माझे हात. त्या गाडीतून आम्ही विट्याला माझ्या बहिणीकडे जाऊन आलो. पुढच्या हिवाळ्यात ते गेले.

तेव्हापासून टॅपेट मी एकटीच सेट करते. कान मात्र नाही. टिकटिक ऐकू आली की मला चैन पडत नाही. जेवता जेवता उठते, झाकण काढते, फट थोडी कमी करते, पुन्हा ऐकते. या वर्षी तर वेडच लागले. आवाज कमी झाला, पण गाडी उभ्या उभ्या अडखळू लागली, चढावर दम टाकू लागली. काय चुकते आहे ते कळेना.

परवा धवल मला न्यायला आला. मी आधीच सांगितले, "गाडीशिवाय मी हलणार न्हाई." वाटले, आता पुन्हा तेच भांडण. त्याने बॉनेट उघडले, गाडी सुरू केली आणि मान तिरकी करून उभा राहिला. अगदी यांच्यासारखी.

"आई, आठातले सात टॅपेट वाजतायत. एक गप्प आहे."

"गप्प आहे ते बरंच की!"

"नाही गं. बाबा म्हणायचे, वाजणारा टॅपेट बरा, गप्प बसलेला व्हॉल्व्ह जळतो. तू आवळून आवळून फटच ठेवली नाहीस."

मी पत्ती घातली. जाईना. वर्षभर मी आवाज शोधत होते. मी तशीच मडगार्डला टेकून रडले. तो म्हणाला, "सरक, पाना दे." यांनी त्याला हे कधी शिकवले, मला ठाऊक नाही. मी विचारले नाही.

म्हणून मॉरिस गाडी धवलला.

कलम ४. पाने, पत्त्या, स्क्रूड्रायव्हर गाडीसोबत.

कलम ५. दीपाली, तुला गाडी हवी होती, तू तसे बोलूनही दाखवलेस. रागव. पण धवलला परत यायला काहीतरी कारण लागते, तुला लागत नाही. तू मलकापूरहून बोलावल्याशिवाय येतेस. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तूच करावीस, कारण तू रागातही खोटे वागत नाहीस.

पाणी कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पायरीला लागले आहे. धवल गाडी सुरू करून दारात उभा आहे, हाका मारतो आहे. घरातले टेबल माळ्यावर चढवले आहे, म्हणून कागद बॉनेटवर ठेवून सही करते. सही हलली आहे ती इंजिन चालू असल्यामुळे. ती माझीच समजावी.

सही : चंदनबाला मदन मगदूम

वरील सही बाईंनी आम्हा दोघांच्या देखत केली व आम्ही बाईंच्या देखत खाली सह्या केल्या.

साक्षीदार : १) ॲड. विश्वजित पवार, सांगली
२) शालूबाई कोरे, शेजारीण, गावभाग

सांगली, दि. २० ऑगस्ट २०२५