मी ब्रसुद्धा काढला नव्हता

तीर्थस्वरूप अक्काच्या चरणी,

धाकटीचा वाकून नमस्कार. देवाच्या कृपेने आम्ही सगळी ठीक आहोत आणि तूही तशीच असशील असं धरून चालते, कारण तुझं पत्र येऊन दोन महिने झाले आणि काही वाईट असतं तर एव्हाना चौघांकडून कळलं असतं. गुडघे काय म्हणतात? जिना चढतानाच वाजतात, की आता बसल्या जागीही वाजू लागलेत? भावोजींचा खोकला गेला का, की शेजारी अजून त्यावर घड्याळ लावतात? (हे त्यांना वाचून दाखवू नकोस.) कागद पाठकोरा आहे म्हणून राग मानू नकोस. मागे सुनबाईच्या आहाराचा तक्ता आहे, तो मला पाठ झालाय, आणि कागद चांगला जाड आहे.

तर सुनबाईला आठवा महिना सरत आला. चिरंजीव तिकडे पुलाच्या कामावर अडकलेत. तारखेच्या आधी आठ दिवस येतो म्हणालेत. पण पुलाची कामं वेळेवर होत नाहीत आणि बाळं पुलासाठी थांबत नाहीत, एवढं मला मॅट्रिकपर्यंतच्या शिक्षणावरही कळतं. त्यामुळे घरात मी, हे, आणि ती. तिची आई ती शाळेत असतानाच गेली हे तुला माहीतच आहे. म्हणजे जे काही बघायचं ते मीच. आणि अक्का, मी काय काय बघितलं ते सगळं लिहायला बसले तर हा कागद पुरायचा नाही.

पहिले चार महिने ओकाऱ्या. साबणाचा वास नको, कांद्याचा नको, एक आठवडा तर ह्यांचासुद्धा नको. (ह्यांना मी तसं सांगितलं नाही. बाहेर वारं छान सुटलंय म्हणून गॅलरीत नेऊन बसवलं.) ओकाऱ्या थांबल्या तर छातीत जळजळ, जळजळ निवली तर पाठ, पाठीला टेकू दिला तर पोटऱ्यांत गोळे. घरात सात उशा आहेत आणि सातही तिच्या पलंगावर: एक मानेखाली, एक पोटाखाली, दोन गुडघ्यांच्या मध्ये, उरलेल्या कुठे असतात ते बघायला मी गेले नाही. हे टॉवेलची घडी डोक्याखाली घेऊन झोपतात आणि सकाळी वाकड्या मानेने मला विचारतात, "नक्की दिवस कोणाला गेलेत?" त्यात डॉक्टरीणबाईंनी बाळाच्या लाथा मोजायला सांगितल्या. मोजायचं म्हटल्यावर मी काय मागे हटते! हिशेबाच्या वहीत शेवटून रकाने आखले. जमेकडे लाथा, खर्चाकडे पोटऱ्यांतले गोळे. रोज संध्याकाळी ताळा बघते. एकदा लाथा फार जास्त निघाल्या, चौकशी केली तर ती बाळाची उचकी होती. मग खोडून समासात तसा शेरा मारला. याच सुमारास न्हाणीघरातल्या टॉवेलांची टोकं कुरतडलेली दिसायला लागली. मी उंदराचा पिंजरा मांडला. आठ दिवस झाले तरी उंदीर सापडेना आणि टॉवेल मात्र कमी कमी होत चालले.

आता मूळ गोष्टीवर येते. दवाखान्यात दर शनिवारी "शांत बाळंतपणाचा वर्ग" भरतो. बाळंत व्हायचं हे वर्गात जाऊन शिकायचं असतं हाच मला पहिला धक्का. (आपल्याला तर कोणी चुलीपुढून उठायलाही शिकवलं नव्हतं.) प्रत्येकीने बरोबर एक माणूस आणायचं, बाळंतपणाच्या खोलीतही तेच माणूस जाणार. चिरंजीव पुलावर, म्हणून मी गेले. तिसऱ्या मजल्यावरची लांबट खोली, एरवी तिथे हाडं मोडलेल्यांना चालायला शिकवतात, म्हणून दोन्ही भिंतींना लोखंडी कठडे. जमिनीवर चटया. आमच्या शेजारच्या चटईवर एक बस कंडक्टर आणि त्याची बायको. हा गडी तिच्या मागे फतकल मारून बसलेला आणि चारचौघांत तिची कंबर चोळतोय! दिवसाढवळ्या, अक्का! आमच्या ह्यांनी इतक्या वर्षांत माझं डोकं दाबलं ते एकदाच, आणि तेही आधी दाराची कडी लावून.

शिकवणाऱ्या नर्सबाई पन्नाशीच्या, आवाज असा की पेशंटचा ताप घाबरून उतरावा. त्यांनी कपाटातून कमरेच्या हाडांचा सापळा काढला आणि त्यातून एक कापडी बाहुली खाली ढकलून दाखवायला लागल्या. पुरुष बसलेले असताना! मी डोळे मिटून जप सुरू केला. पण जप करतानाही कान उघडेच राहतात. बाहुली मध्येच अडकली, तसा कंडक्टर सवयीने ओरडला, "पुढे सरका, पुढे जागा आहे!" त्याच्या बायकोने त्याला असं कोपर मारलं की त्याचीच कंबर चोळायची वेळ आली. मग मोठाले रबरी चेंडू आले. खेळायचे नव्हेत, बसायचे. त्यावर डुललं की म्हणे पाठीला आराम पडतो. सुनबाई झकास बसली. सोबतीणीनेही बसायचं असा हुकूम झाला, म्हणून मी छप्पन्न वर्षांची बाई देवाचं नाव घेऊन टेकले. चेंडू डावीकडे निघाला, मी उजवीकडे. "मावशी, गाडी थांबल्याशिवाय उतरू नका!" असं म्हणत त्या कंडक्टरनेच मला सावरलं. मी त्याचे आभार मानले नाहीत. आता वाटतं मानायला हवे होते.

पण खरा कहर पुढेच. नर्सबाई म्हणाल्या, कळ आली की दात आवळायचे नाहीत. जबडा सैल सोडायचा, म्हणजे सगळं अंग सैल पडतं. आणि पोटातून आवाज काढायचा, गाय हंबरते तसा. आणि अक्का, ती सगळी शिकलेली माणसं हंबरायला लागली! खोलीचा गोठा झाला. कंडक्टर तर बायकोपेक्षा मोठ्याने. सुनबाई मात्र ओठ मिटून, मान खाली घालून बसलेली. मला बरं वाटलं, म्हटलं घराची रीत राखली पोरीने. तेवढ्यात नर्सबाई माझ्याकडे वळल्या, "मावशी, तुम्ही का गप्प?" मी मान ताठ करून सांगितलं, "आमच्यात ओरडत नाहीत. मी बाळंत झाले तेव्हा ब्रसुद्धा काढला नव्हता. देवाचं नाव घेत होते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नर्सबाईंनी मात्र सुनबाईकडे पाहिलं आणि तिच्याजवळ जाऊन बसल्या. तुला कसली भीती वाटते, असं विचारलं. आणि ही माझी सून, जी मला भाजीत मीठ कमी पडलं तरी सांगत नाही, ती म्हणाली, "दुखण्याची नाही वाटत. आवाज निघेल याची वाटते. आई तिथे असणार. त्यांनी एवढं सोसलं आणि तोंड उघडलं नाही. मला तर पायात गोळा आला तरी ओरडावंसं वाटतं. मी टॉवेल चावते."

मी सर्द झाले. टॉवेल! मी पिंजरा मांडला होता तो कोणासाठी!

नर्सबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं उतू गेलेल्या दुधाच्या पातेल्याकडे बघतात. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, हिचा रक्तदाब दोन आठवडे चढतोय ते ठाऊक आहे ना? चढण्याची कारणं बरीच असतात, पण दिवसरात्र दात आवळून बसलेल्या बाईचा तो उतरेल कसा? असाच राहिला तर बाळाला वेळेआधी काढावं लागेल. अगं अक्का! पोरीला आई नाही म्हणून मी तिच्या सोबत गेले, आणि तिच्या उरावर बसलेली धोंड मीच!

आता तुला आणि मला माहीत आहे मी कशी बाळंत झाले ते. तिसऱ्या कळेलाच मी असं किंचाळले होते की पलीकडच्या शाळेच्या मास्तरांनी वर्ग सोडून दिला. सुईणीला मी नको नको ते बोलले. तुझ्या मनगटाचा चावा घेतला. आणि देवाला जे बोलले ते तर या कागदावर लिहायची माझी हिंमत नाही. तीस वर्षं रोज एक माळ जास्त ओढतेय, ती त्याच खात्यात. पण हे खोटं सुरू कोणी केलं? मी? नाही! सासूबाई तिसऱ्या दिवशी गावाहून आल्या, कसं झालं म्हणाल्या, तेव्हा माझी लाज झाकायला तूच म्हणालीस, "पोरीने ब्रसुद्धा काढला नाही हो, नाव घेत होती देवाचं." सासूबाईंनी ते वाड्यावस्त्यांवर सांगितलं, मी गप्प राहिले, आणि पाच-दहा वर्षांनी मला स्वतःलाच खरं वाटायला लागलं.

घरी आल्यावर मी शेंगा सोलताना विषय काढला. म्हटलं, तसा थोडासा आवाज निघाला होता हो माझा. तिने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "आई, माझ्या समाधानासाठी खोटं नका बोलू. तुम्ही कधी खोटं बोलत नाही." बघ! तीस वर्षं खोट्यावर विश्वास, आणि खरं बोलले तर खोटी ठरले. मी ह्यांना साक्षीला बोलावलं. ह्यांनी चष्मा सावरला, माझ्याकडे कौतुकाने पाहिलं आणि म्हणाले, "हिने? छे! ब्रसुद्धा नाही." जन्मभर बायकोची बाजू घ्या म्हणून ह्यांना सांगितलं, ती घ्यायला हाच मुहूर्त सापडला.

असो. बाकी सगळं क्षेम. सहज खुशाली कळवावी म्हणून चार ओळी लिहिल्या, मनात दुसरं काही नाही. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. १ : दुसरं काही नाही असं वर लिहिलंय ते खोडत नाही, कागद खराब दिसतो. पण तू ताबडतोब निघून ये. गुडघ्यांची सबब चालणार नाही, इथे जिन्याला कठडा आहे. चाव्याचा व्रण अजून असेल तर बांगड्या घालून झाकू नकोस, सुनबाईला मनगट दाखव आणि सगळं सांग. खोटं तू घातलंस, ते तूच काढ. देवाबद्दलचं तेवढं गाळ.

ता. क. २ : जुनं पाकीट उलटवून चिकटवायला खळ मिळेना, म्हणून पत्र आठवडाभर पडून राहिलं. मधल्या काळात गोष्टी झाल्या. मंगळवारी तपासणीत तिचा रक्तदाब आणखी चढलेला निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शनिवारपर्यंत उतरला नाही तर दाखल करून घेऊ. तुझी वाट बघायला वेळ उरला नाही. दुपारी मी सुनबाईला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं आणि खिडक्या लावून घेतल्या. मग वाटलं, त्या दिवशी कुठे लावल्या होत्या? उघडल्या. आणि अक्का, मी ओरडले. जसं तेव्हा ओरडले होते तसंच, बेंबीच्या देठापासून. ताटाळ्यातली ताटं वाजली. खालचा शिंपी हातात कात्री घेऊन वर धावत आला, आणि हे अर्ध्या दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून आत येऊन म्हणाले, "अगदी हेच! हेच ऐकून मी भर रस्त्यात सायकल टाकून पळालो होतो!" बोलून गेल्यावर जीभ चावली, पण साक्ष झाली ती झाली. सुनबाई आधी पांढरी पडली, मग हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या पोटरीत गोळा आला. टॉवेल हाताशीच होता. तिने तो घेतला नाही. "आई गंऽऽ" म्हणून अशी आरोळी ठोकली की शिंपी पुन्हा जिन्यावरून परत आला. मी "आले, आले गं" म्हणत तिचा पाय मांडीवर घेतला. ती मलाच बोलावत होती की नाही, ते मी विचारलं नाही. शनिवारी रक्तदाब थोडा उतरला. फार नाही, पण घरी पाठवलं. जमेकडे लिहून ठेवलंय.

ता. क. ३ : तेव्हा पहिला ता. क. रद्द समज. पण ये मात्र नक्की, कारण आता सुनबाई रोज विचारते, "आई, ओरडताना तुम्ही देवाला नेमकं काय म्हणाला होतात? मलाही उपयोगी पडेल." माझ्या तोंडून ते पुन्हा निघायचं नाही. तू येऊन तिच्या कानात सांग. मी तेवढ्या वेळ बाहेर माळ ओढत बसेन.