वाळूवर उलटी पडलेली कासवं

आईस, तुझ्या बासोचा सलाम.

मी खुशाल आहे. खोकला गेला, जेवण भरपूर मिळतं. वारा पडल्यामुळे मामाचं गलबत आठ दिवस या बेटाशी उभं आहे. सगळे नारळांखाली लोळतात, पत्ते खेळतात. तुला वाटेल, पोराची चैन आहे.

मला मात्र शिसारी आलीय. मामाने बालीत विकायला अकरा कासवं धरलीत. जिवंतच उलटी टाकलीत, वल्ह्यासारख्या पायांना भोकं पाडून बांधलीत. त्यांच्या डोळ्यांतून सारखं पाणी गळतं, जखमांवर माश्या बसतात, आणि त्याच घाणीशेजारी आम्ही भात खातो. परवा आचाऱ्याने एका कासवाच्या पोटावर चहाचे पेले मांडले. मामा हसत म्हणाला, "वा, टेबल फुकटात मिळालं!" मी बाजूला जाऊन ओकलो.

काल दुपारी सगळे घोरत असताना मी दोऱ्या कापल्या आणि वल्ह्याने एकेक कासव सुलटं केलं. नऊ सरपटत पाण्यात गेली. दोन हललीच नाहीत.

मामाने मारलं नाही. म्हणाला, "बहिणीचा मुलगा आहेस, म्हणून वाचलास. पुढे सुंबावा बेटावर उतर, परत तोंड दाखवू नकोस."

मला कामावर घ्यावं म्हणून तू त्याच्या किती विनवण्या केल्यास, ते मी विसरलेलो नाही. तुझे गुडघे कसे आहेत? मामीला बाजारात कळण्याआधी तूच जाऊन सांग. ती रडेल, तुला बोलेल. तरी मी माफी मागितली, असं मात्र सांगू नकोस. मी मागितलेली नाही.

तुझाच,
बासो