उशिरा ऐकू आलेला हात

प्रिय धर्मपाल,

जय भीम. पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते फोडणार नाहीस असा संशय होता, म्हणून पत्ता चंदाकडून लिहून घेतला. परतवाड्याची चंदा, ढोलकी वाजवते ती. शकुनवहिनी दोन महिने माहेरी आहेत आणि तू अकोल्यात एकटाच भाकरी थापतोस, हेही तिनेच सांगितलं.

माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. कुलूप लावून तीनदा ओढून पाहतो, दूधवाल्यासमोरच दुधात बोट बुडवतो. बत्तीस वर्षं तू यावर हसत आलास. पण मार्चमध्ये जयंतीच्या गाण्यांसाठी तू माझ्या या रेकॉर्डिंगच्या खोलीत आलास, तेव्हा प्रकरण हसण्यावारी गेलं नाही. माझं गाणं आधीच भरून ठेवलं होतं, तुझी ढोलकी तेवढी चढवायची होती. तू हेडफोन घातलेस आणि पहिल्याच कडव्यात अडखळलास. माझ्या गाण्यात तुझा हात कधी चुकला नव्हता. पुन्हा घेतलं, पुन्हा चुकला. घामाघूम होऊन तू म्हणालास, "ललित, माहा हात मलेच उशिरा आयकू येऊन राहिला गा." मला वाटलं, शुद्धीतला माणूस असं बोलत नाही.

तू तोंड धुवायला गेलास तेव्हा मी तुझी बाटली उघडून हुंगली. पाणीच होतं. दारात उभं राहून तू ते पाहिलंस. ढोलकीला खोळ घातलीस नि संध्याकाळची बस धरलीस. विहारात पंचशील घेऊन तू दारू सोडलीस त्याला पाच वर्षं झाली होती. तरी मी मनात म्हटलं, घरूनच पिऊन आला असेल.

जयंती होऊन गेली, गाणी तशीच राहिली. गेल्या रविवारी ती पुरी करायला चंदाला बोलावलं. त्याच कडव्यात तीही अडखळली. हेडफोन काढून म्हणाली, "दादा, हात आदी पडते न आवाज मांगून येते. तुमच्या या डब्यातच काईतरी हाय." चंदा चहाशिवाय कशाला शिवत नाही. तेव्हा कुठे मी कॉम्प्युटरकडे संशयाने पाहिलं.

कॉम्प्युटर आवाज वाट्या भरभरून घेतो. त्या वाटीला बफर म्हणतात. वाटी लहान असली तर आवाज लगेच कानात येतो, पण मशीनची सारखी धावपळ होते. मोठी केली तर त्याला दम खायला मिळतो, पण वाटी भरेपर्यंत आवाज अडून राहतो. रेकॉर्डिंगच्या वेळी मी ती एकशे अठ्ठावीसवर ठेवतो. निघाली दोन हजार अठ्ठेचाळीसवर. म्हणजे तुझा हात तुला सेकंदाच्या दहाव्या भागाने मागून ऐकू येत होता, तू म्हणाला होतास अगदी तसाच. वाटी मोठी करणाराही मीच. पन्नाशीनंतर माझा आवाज वर फाटतो. ते झाकायला त्यावर घुमाऱ्याचे इतके थर चढवले की मशीन कडकड करायला लागलं. त्याला गप्प करायला बफर वाढवला आणि तू आलास तेव्हा कमी करायचा विसरलो. माझं म्हातारपण लपवता लपवता तुझा हात बिघडवला. याची मला फार लाज वाटते.

एवढंच असतं तर फोनवरही सांगितलं असतं. पण त्या संध्याकाळी तू बसमध्ये असतानाच मी शकुनवहिनींना फोन केला होता. म्हटलं, त्याने परत सुरू केलेली दिसते. वर, माझं नाव सांगू नका, असं वचनही घेतलं. तुझ्या तोंडाचा वास पाहायलाही त्या थांबल्या नाहीत, पिशवी भरून धामणगावला गेल्या. आता मी फोनवर काहीही सांगितलं तरी त्यांना वाटेल, दोस्त दोस्ताला वाचवून राहिला. म्हणून स्वतःच्या हाताने लिहून खाली सही करतो आहे: धर्मपाल त्या दिवशी प्यायला नव्हता. हे पत्र त्यांना दाखव. माझी अब्रू राखायला तू ते ट्रंकेच्या तळाशी दडवशील, असा मला दाट संशय आहे. म्हणून याचीच एक प्रत कालच धामणगावला टाकली.

तुझाच संशयखोर,
ललित